नाव घेतल्याने पाणी निवळत नाही

प्रवासातल्या आजारांसाठी मराठीने योजलेले क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. घाटात उलट्या होऊ लागल्या की 'गाडी लागली' असे आपण म्हणतो. भर दुपारच्या पायपिटीनंतर डोके भणभणू लागले की 'ऊन लागले' म्हणतो आणि परगावी पोट बिघडले की 'तिथले पाणी लागले' किंवा 'बाधले'. याच क्रियापदाने वाटेत ठेच लागते आणि दृष्टही लागते. आजार आतून उपजला असे ही भाषा सुचवत नाही. बाहेरचे काहीतरी येऊन भिडले, असे ती सुचवते. बारा गावचे पाणी प्यालेल्या माणसाविषयी आपल्या बोलण्यात जो धास्तीमिश्रित आदर असतो, त्याचेही मूळ इथेच असावे. बाहेरचे जग असे लागणारे असेल, तर त्यावरचा उतारा घरातून सोबत न्यायला हवा, हे ओघानेच आले. गाठोड्यातला बटवा त्यासाठीच असे.

आज हा बटवा वस्तू म्हणून बहुतेक घरांतून गेला आहे, परंतु शब्द म्हणून तो भलताच बळावला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील सदरे, पाककृतींच्या पुस्तकांतील शेवटची पाने, उन्हाळी सुटीच्या तोंडावर भ्रमणध्वनीवरून फिरणारे संदेश, सर्वत्र 'आजीबाईचा बटवा' हे शीर्षक आढळते. त्याखाली यादी असते: मळमळीवर आले, पोटदुखीवर ओवा, खोकल्यावर मध, जुलाबावर जायफळ, उन्हावर कांदा. या याद्यांतील प्रत्येक गोष्ट खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. त्यांतील काही उपाय चांगले आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही एका परिस्थितीत चांगले व दुसऱ्या परिस्थितीत घातक आहेत. माझा आक्षेप यादी या रूपबंधालाच आहे. घरगुती औषधाचे ज्ञान ज्या भाषारूपात नांदत होते ते रूप यादीने मोडले, आणि त्या मोडतोडीत ज्ञानाचा महत्त्वाचा भाग गळून गेला.

मूळ रूप कसे होते ते पाहू. सुंठ, ओवा, हिंग, लवंग, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, काळे मीठ, तुरटीचा खडा, निवळीच्या बिया. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला यांपैकी पाच-सात जिन्नस तरी बांधून दिले जात. देताना घरातली जाणती बाई जे सांगे, तो या बटव्याचा अर्धा भाग होता. ओवा किती, चिमूट दोन बोटांची की तीन बोटांची. सुंठ गरम पाण्यातून की गुळात घोळून. अंगात ताप असेल तर काय टाळायचे. लेकराला द्यायचे झाल्यास सहाणेवर किती वेढे उगाळायचे. आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर कोणाचे दार ठोठवायचे. 'वेढा' हे परिमाण तर अभ्यासण्याजोगे आहे. हळकुंडाचे वेढे आणि जायफळाचे वेढे सारखे नसत. मूल वाढे तसे वेढे वाढत. तोळामासा हाती न धरता, द्रव्याच्या उग्रतेनुसार आणि बालकाच्या वयानुसार मात्रा बदलण्याची ही रीत होती. ती नेहमी बिनचूक असे, असा दावा कोणी करू नये; पण मात्रेवाचून औषध नसते, ही जाण तिच्यात पक्की होती.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर हे ज्ञान संकेतार्थी वाक्यांचे होते. 'असे असेल तर इतके दे, तसे दिसले तर थांब.' छापील यादीने त्याची विधानार्थी वाक्ये केली. 'जायफळाने जुलाब थांबतात' हे विधान आहे. त्यात वय नाही, मात्रा नाही, 'थांब' हा शब्दही नाही. जायफळ थोड्या अधिक प्रमाणात पोटात गेले तर त्यातील मायरिस्टिसिन या द्रव्यामुळे भ्रम, धडधड आणि ग्लानी येऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत 'थोडे अधिक' म्हणजे फारच थोडे. 'खोकल्यावर मध' हे विधानही असेच निर्धास्त आहे. मोठ्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिल्याने खोकल्यात आराम पडतो, याला आधुनिक वैद्यकाचाही दुजोरा आहे. परंतु वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवल्यास त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझमसारखा जीवघेणा आजार संभवतो. येथे तर परंपराही अपुरी पडते, कारण नवजात बाळाला मध चाटवणे हा आपल्याकडे संस्कारच होता. म्हणजे हरवलेल्या अटी परत मिळवणे एवढ्यानेही भागत नाही. काही अटी नव्याने जोडाव्या लागतात.

प्रवासात ही उणीव सर्वाधिक जाणवते, याचे कारण साधे आहे. घरी औषध देणारी आणि औषधाचा परिणाम पाहणारी व्यक्ती एकच असते. ती जीभ पाहते, पोट चाचपते, कपाळावर हात ठेवते, पुन्हा तासाने येऊन बघते. प्रवासात जिन्नस सोबत येतात आणि ती नजर मागे राहते. म्हणूनच प्रवासाच्या बटव्यासोबत शब्द द्यावे लागत. आज जिन्नस कोणत्याही गावच्या दुकानात मिळतात. दुर्मीळ झाले आहेत ते शब्द.

या संदर्भात मला निवळीचे उदाहरण फार बोलके वाटते. निवळीचे बी गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरतात, हे ज्ञान पुरातन आहे. संस्कृतात त्या झाडाला 'कतक' म्हणतात आणि पाणी निवळवणाऱ्या पदार्थांत सुश्रुतसंहितेने त्याची गणना केली आहे. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला बी घासायचे, मग पाणी भरायचे आणि ते हलू न देता ठेवायचे. गाळ तळाशी बसतो. याच कतकाचा दृष्टान्त मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आला आहे. कतकाचे फळ पाणी निवळवते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. तेथे तो संन्याशाच्या बाह्य चिन्हांविषयी आहे. चिन्हे धारण केली म्हणून धर्म साधत नाही, हे सांगण्यासाठी. आपल्या याद्यांना मात्र तो शब्दशः लागू पडतो. आपण नावे घेत आहोत.

दृष्टान्ताच्या पुढे एक पाऊल टाकायला हवे. बी विधिवत घासले, पाणी निवळले, तरी ते पिण्याजोगे झाले असे होत नाही. निवळी काय किंवा पाण्यात फिरवलेली तुरटी काय, दोन्ही गढूळपणा खाली बसवतात; त्याबरोबर काही जंतूही तळाशी जातात, पण सगळे नव्हेत. नितळ दिसणाऱ्या पाण्यातून पटकी किंवा कावीळ होऊ शकते. निवळलेले पाणी नंतर उकळावे लागते किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकावी लागते. आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते, यात त्यांचा दोष नाही. आपल्याला ते ठाऊक असताना आपण निवळीचे गुणगान करून थांबलो, तर दोष आपला.

याउलट, परंपरेतील एक अगदी साधी कृती शास्त्राच्या कसोटीला कशी उतरली हेही पाहिले पाहिजे. 'पाणी गाळून प्यावे' हा संकेत आपल्याकडे घरोघर होता, आणि वस्त्रगाळ हा शब्दही आपलाच. नारू हा एके काळी पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या गावकऱ्यांना आणि वाटसरूंना होणारा भयंकर विकार. त्याच्या अळ्या पाण्यातील सूक्ष्म कीटकांच्या पोटात असतात आणि ते कीटक कापडात अडकतात. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या यशात पायविहिरी बंद करणे आणि पाणी गाळणे या दोन गोष्टींचा मोठा वाटा होता. पुढे २००३ साली रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीच्या कापडातून गाळलेले पाणी वापरणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी, घटले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात ते कापडात अडकतात, हे त्याचे कारण. पण अट अशी, की साडी जुनी आणि सुती हवी, कारण वापराने धागे पिंजून जाळी दाट होते. आणि तिच्या निदान चार घड्या हव्यात. एका पदरातून पाणी ओतले तर तो उपचार होत नाही. चार घड्यांचे कापडही सर्व जंतू अडवत नाही. उकळणे शक्य नसेल तेथे ते धोका कमी करते, इतकेच. जुनी साडी आणि चार घड्या हे दोन तपशील गाळले, तर 'आमच्या आजीला हे ठाऊकच होते' एवढेच वाक्य उरते, आणि त्या वाक्याने कोणाची पटकी टळत नाही.

प्रवासातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक विकार म्हणजे हगवण. या बाबतीत परंपरेची एक मोठी चूक स्पष्टपणे सांगायला हवी. जुलाब होत असताना पाणी तोडायचे, मुलाला काही द्यायचे नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली होती. पोटात गेलेले सगळे बाहेर पडते, मग घालायचेच कशाला, असा तिचा तर्क. मृत्यू येतो तो मात्र शरीरातील पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात द्रावण करून ते पिंपांतून वाटले. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांनी केले. मृत्यूचे प्रमाण तिसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जाते, एवढे त्याचे मर्म. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या कथेचा पुढचा भाग भाषेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटावा. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने हे द्रावण घराघरांत शिकवले. पुडी सर्वत्र पोहोचणार नव्हती; म्हणून तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे प्रमाण ठरवले गेले. कार्यकर्त्या दारोदार जाऊन प्रत्येक आईकडून ते करवून घेत आणि लक्षात ठेवायचे मुद्दे तोंडपाठ करवून घेत. नंतर निरीक्षक काही घरांत अचानक जाऊन आईला किती आठवते आणि तिने केलेले मिश्रण बरोबर आहे का, ते तपासत. शिकवणारीचा मोबदला त्या तपासणीवर ठरे. एक कोटीहून अधिक घरांत हे ज्ञान असे पोहोचले. चिमूट, मूठ, शेर ही परिमाणे बटव्याचीच. पाठांतराची रीत मौखिक परंपरेचीच. नवी होती ती एक गोष्ट: सांगितलेले पोहोचले का, हे पाहण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर टाकलेली होती. मौखिक परंपरा कशी घडवावी याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. घरी करायच्या जलसंजीवनीचे आजचे प्रमाण लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. येथेही 'साखर-मीठ-पाणी द्यावे' एवढेच लिहिणे धोक्याचे आहे, कारण मीठ वाढले तर ते लहान मुलाला अपाय करते आणि साखर वाढली तर जुलाब वाढतात. कोकणात अशा वेळी मीठ घालून भाताची पेज देत. पाणी तोडण्याच्या समजुतीशेजारीच हा शहाणपणाचा उपायही नांदत होता. परंपरा एकजिनसी नसते. तिच्यातून निवड करावी लागते.

आल्याची गोष्ट तुलनेने हलकी, पण तिच्यातही हाच धडा आहे. एस.टी.च्या प्रवासात आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३६ जणांना फिरत्या खुर्चीत बसवून सुंठीची पूड आणि नेहमीची गोळी यांची तुलना केली गेली, आणि सुंठ सरस ठरली. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत. तेव्हा आले तोंडात धरण्यास हरकत नाही. पण गाडी लागते ती कान आणि डोळे मेंदूला परस्परविरोधी वार्ता देतात म्हणून, हे समजले तर पुढच्या बाकावर बसावे, पुस्तक मिटावे आणि दूरवर नजर ठेवावी, हे बिनखर्ची उपायही सुचतात. पोटावर वर्तमानपत्र बांधण्याचे प्रयोजन मात्र उरत नाही.

पाण्याविषयी बोलताना आणखी एका गोष्टीला बगल देता येणार नाही. 'परक्या ठिकाणचे पाणी पिऊ नये' हा प्रवासाचा नियम आपल्या घरांत आरोग्याचा म्हणून सांगितला जाई. व्यवहारात तो पुष्कळदा पाण्यात काय आहे याविषयी नसून ते कोणाच्या हातचे आहे याविषयी असे. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात वारीचे वर्णन केले आहे. एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या बायांच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या होतात, हे त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. आणि १९०१ सालच्या एका प्रवासाची हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या मुलांना मसूर स्थानकापासून पुढच्या बैलगाडीच्या वाटेवर कोणी पाणी दिले नाही. जवळ खाण्याचे भरपूर असूनही ती रात्र त्यांना उपाशी काढावी लागली. त्या मुलांना कोणत्या बटव्यातले औषध लागू पडले असते? ज्या ग्रंथातून कतकाचा दृष्टान्त येतो, तोच ग्रंथ १९२७ साली महाडला जाळला गेला, तोही पाण्यासाठी झालेल्या लढ्याच्या ओघात, हे ध्यानात ठेवूनच तो दृष्टान्त वापरला पाहिजे. पाणी उकळून, गाळून प्यावे हा नियम सर्वांच्या पाण्याला सारखाच लागू आहे. त्यात हात कोणाचा, या प्रश्नाला जागा नाही. परंपरेतून अटी परत मिळवताना ही अट तेवढी कायमची टाकून दिली पाहिजे.

'हे सगळे आपल्याकडे होतेच' असे म्हणणारे आणि 'या सगळ्या भाकडकथा' असे म्हणणारे, दोघेही यादीच वाचत असतात. एक जण यादीखाली अभिमानाने सही करतो, दुसरा तिच्यावर फुली मारतो. कोणाला, किती, कशातून आणि कधीपर्यंत हे दोघेही विचारत नाहीत. आपल्या ललित लेखनानेही या बाबतीत फारसे साहाय्य केलेले नाही. आजीच्या बटव्यावर लिहिताना आपण तिच्या सुरकुतलेल्या हाताविषयी, मायेविषयी, कापराच्या वासाविषयी लिहितो. तिने जीभ पाहून काय ओळखले याविषयी लिहीत नाही. तिच्या निरीक्षणाला माया म्हणून गौरवले की ज्ञान म्हणून तपासण्याची गरज राहत नाही. हा गौरव तिला लहानच करतो. ज्ञान म्हटले की त्यात चूक असू शकते, दुरुस्ती होऊ शकते आणि श्रेयही देता येते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी विद्यार्थी ओव्या, म्हणी, उखाणे गोळा करतात; ओवी कोणी म्हटली, कोणत्या प्रसंगी म्हटली, तिची पाठांतरे कोणती, हे आपण त्यांच्याकडून काटेकोरपणे लिहून घेतो. घरगुती औषधांची नोंद मात्र 'लोकसमजुती' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकली जाते. औषध सांगणारीचे बोलणेही ओवीइतक्याच निगुतीने तिच्या शब्दांत उतरवून घ्यावे. वय, मात्रा, अनुपान, मुदत आणि थांबण्याची खूण, ही पाच उत्तरे प्रत्येक नोंदीत असावीत. ती मिळाली नाहीत तर नोंद अपूर्ण आहे असे तेथेच लिहावे. त्यासमोर एखाद्या डॉक्टरचा अभिप्राय घ्यावा, आणि तो प्रतिकूल असेल तरी दोन्ही ठेवावेत.

यांत थांबण्याची खूण सर्वांत आधी विचारावी. शौचातून रक्त पडते आहे, मुलाचे डोळे खोल गेले आहेत, लघवी बंद झाली आहे, ते पाणीही घेत नाही, किंवा उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बरळू लागला आहे, अशा वेळी पन्हे, पेज, कांदा, सुंठ यांपैकी कशातही वेळ घालवू नये. त्याचे अंग गार करीत किंवा मुलाला घोट घोट द्रावण पाजण्याचा प्रयत्न करीत सरळ रुग्णालय गाठावे. जाणत्या बाईने बटवा बांधून देताना ज्या गावचे, ज्या दाराचे नाव सांगितले असेल, त्या दारी जाण्याची ही वेळ असते, आणि ते दार ओळखणे हाही त्या औषधाचाच भाग होता.